पैसे देणारा मेहमान

कोकणातल्या जुन्या घरात मागे म्हातारी माणसे आणि रिकाम्या खोल्या उरतात. कौले फेरायचा खर्च तरी निघेल म्हणून आम्ही दापोलीकडच्या घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना देऊ लागलो. पहिल्याच खेपेला पाहुण्यांनी अंगणात दारूच्या बाटल्या उघडल्या. आम्ही संकोचाने गप्प बसलो. अम्मींना रात्रभर झोप लागली नाही. दोष पाहुण्यांचा नव्हता. आम्ही आधी सांगितलेच नव्हते.

आता आगाऊ रक्कम घेण्यापूर्वीच फोनवर सांगतो: दारू चालणार नाही, परसदारी घरच्या बायका वावरतात, पहाटे अजान ऐकू येईल. एखादा नको म्हणतो. म्हणू दे. मे महिन्यात विहिरीचे पाणी कमी होते, हेही लपवू नका. शाकाहारी पाहुण्यांसाठी भांडी वेगळी ठेवा आणि ती दाखवा. नुसत्या सांगण्याने खात्री पटत नाही.

पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करा. प्रत्येकाच्या ओळखपत्राची प्रत घ्या. परदेशी नागरिक उतरला तर २४ तासांत ऑनलाइन कळवावे लागते.

न्याहारीला घावनेच द्या. ब्रेड-ऑम्लेट त्यांना घरीही मिळते.