कोऱ्या पडद्याचा तास

दूरचित्रवाणीचा दिवस कोण आखतो? ब्रिटनमधील एका तासाची हकीगत पाहिली म्हणजे याचा उलगडा होतो.

तेथे पूर्वी बीबीसीची एकच वाहिनी होती. संध्याकाळी सहाला मुलांचे कार्यक्रम संपत आणि सातपर्यंत पडदा कोरा राही. हेतू असा, की आईबापांनी लहानग्यांना निजवावे. हा नियम सरकारी होता. बीबीसी परवाना-शुल्कावर चाले. तास बंद राहिला तर तिचा खर्चच वाचे. पण २२ सप्टेंबर १९५५ रोजी जाहिरातींवर चालणारी आयटीव्ही सुरू झाली. तिच्या दृष्टीने कोरा पडदा म्हणजे बुडालेली कमाई. अखेर सरकारने नियम सोडला. १६ फेब्रुवारी १९५७ रोजी, शनिवारी, बीबीसीने त्याच तासात 'सिक्स-फाइव्ह स्पेशल' हा तरुणांचा संगीत-कार्यक्रम सुरू केला.

म्हणजे घरातल्या त्या तासावर आधी सरकारचा अंमल होता, मग व्यापाराने त्यावर हक्क सांगितला. कामाचे तास आठ व्हावेत म्हणून कामगार झगडले, ते उरलेले तास आपले असावेत म्हणूनच. त्या तासांचा हिशेबही आपणच ठेवला पाहिजे. पडदा बंद करण्याची कळ अजून घरातच आहे.