इंजिन हलतंय म्हणून ब्रॅकेट बनवताय? रबर मात्र काढू नका

क्लच सोडला की बोनेटखाली 'धाड्' आवाज येतो, गिअरचा दांडा झटका देतो, रेस दिली की इंजिन एका बाजूने उचलल्यासारखं दिसतं. जुन्या कारमध्ये हे हमखास होतं. मग माउंटिंग मिळत नाही म्हणून गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात लोखंडी पट्टी मारून इंजिन थेट बॉडीला जखडतात. आवाज थांबतो, पण दुखणं दुसरीकडे सरकतं.

इंजिन थोडं हलायलाच हवं. उभ्या गाडीत, मिनिटाला ८०० फेऱ्यांवर, चार सिलेंडरच्या इंजिनात सेकंदाला २६-२७ स्फोट होतात. ते हादरे माउंटिंगमधलं रबर खातं. रबरच नसेल तर ते सरळ पत्र्यात जातात. दरवाजे खडखडतात, नट ढिले होतात आणि काही दिवसांनी वेल्डिंगच्या कडेलाच चीर पडते.

जोर किती असतो तेही बघा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या कारचा टॉर्क १०० न्यूटन-मीटर धरला, तर पहिल्या गिअरमध्ये चाकांपाशी तो साधारण १२ ते १४ पट होतो. तेवढाच उलटा पीळ इंजिन-गिअरबॉक्सला बसतो. म्हणजे एक मीटरच्या पहारीच्या टोकाला सव्वाशे किलोच्या आसपास वजन लटकवल्यासारखं. नुसत्या पातळ पट्टीचं तिथे काय चालणार?

म्हणून आधी जुनी माउंटिंग तपासा. रबर ऑइलने फुगलंय, चिरलंय का? बहुतेक वेळा तेवढं बदललं तरी काम भागतं. तरीही हलत असेल तर दोन्ही टोकांना रबर बुश असलेला दांडा आणि तो धरणारं ब्रॅकेट, असं करून घ्या. बऱ्याच गाड्यांत कंपनीचा टॉर्क रॉड असाच असतो.

माप पुठ्ठ्यावर काढा. पट्टी ५-६ मिलिमीटरची, कोपऱ्यात तिरका सपोर्ट हवाच. भोक ड्रिलने पाडा, गॅस कटरने नको. बोल्टच्या डोक्यावर ८.८ आकडा बघा आणि लॉकनट लावा. हेडचे बोल्ट खोलून त्यावर ब्रॅकेट बसवू नका.

गाडीवर फक्त टाका मारा, पूर्ण वेल्डिंग बाहेर काढून करा. टाका मारण्याआधी बॅटरीच्या वायरी काढा, अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ लावा (इंजिनवर नको, करंट बेअरिंगमधून जाऊ शकतो) आणि इंधनाचा पाइप कुठून गेलाय ते बघा. इंजिनला जॅक लावाल तेव्हा चेंबरखाली लाकडाची फळी ठेवा, नाहीतर चेंबर चेपतो.

दांडा कसताना इंजिन आपल्या जागी मोकळं बसलेलं असावं. ओढून कसलं तर बुश लवकर फाटतो. पंखा, वायरी, होज यांना कुठे घासत नाही ना ते बघा. कायद्याचंही लक्षात ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधनं आहेत, त्यामुळे चासी कापणं किंवा इंजिनची जागा बदलणं असले उद्योग नकोत.

दोन-तीनशे किलोमीटर चालल्यावर सगळे बोल्ट पुन्हा कसून घ्या. स्टिअरिंग पूर्वीपेक्षा जास्त थरथरत असेल तर बुश कडक झालाय, थोडा मऊ टाकून बघा.