हौशी रेडिओचा परवाना व संकेतनाम : स्वरूप, रचना आणि महाविद्यालयीन प्रयोजन

गोषवारा : हौशी रेडिओचा परवाना म्हणजे यंत्र बाळगण्याची सरकारी अनुमती, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तो व्यक्तीच्या पात्रतेचा दाखला असून संकेतनाम ही त्या व्यक्तीची जाहीर स्वाक्षरी होय, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : हौशी रेडिओ, परवाना, संकेतनाम, आपत्कालीन संदेशवहन.

१. प्रस्तावना

मारुंजी (ता. मुळशी) गावाशेजारचे हिंजवडी येथील माहिती तंत्रज्ञान संकुल राजीव गांधी यांच्या नावाने ओळखले जाते. राजीव गांधी हे परवानाधारक हौशी रेडिओ चालक होते आणि हौशी चालकांच्या जगात 'व्हीयू २ आरजी' या नावाने परिचित होते, ही बाब मात्र त्या मानाने कमी ज्ञात आहे. पद कोणतेही असो, रेडिओलहरींवर भेटणाऱ्या दोन चालकांना परस्परांची ओळख पटते ती अशा मोजक्या अक्षर-अंकांवरून. यालाच 'कॉल साइन' म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी 'संकेतनाम' हा शब्द योजिला आहे. ते कोण देतो, कशाच्या आधारे देतो व त्यातून कोणती माहिती मिळते, याचा परामर्श येथे घ्यावयाचा आहे.

२. हौशी सेवेची संकल्पना

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ विनियमांनी हौशी सेवेची व्याख्या केली आहे. स्वयंशिक्षण, परस्पर संपर्क आणि तांत्रिक अन्वेषण ही तिची तीन उद्दिष्टे होत. ही सेवा रीतसर अधिकृत केलेल्या व्यक्तींनी केवळ वैयक्तिक आवडीपोटी, अर्थलाभाची अपेक्षा न ठेवता चालवावयाची असते. या व्याख्येतील 'अधिकृत' आणि 'अर्थलाभाविना' हे दोन शब्द कळीचे आहेत. जाहिरात, व्यापारी संदेश, गाण्यांचे प्रसारण इत्यादींना या सेवेत स्थान नाही. संदेशाचा अर्थ इतरांपासून लपविण्यासाठी सांकेतिक भाषा वापरण्यासही सामान्यतः मनाई आहे.

भ्रमणध्वनी वापरणाऱ्यास कोणतीही परीक्षा द्यावी लागत नाही, कारण तेथे यंत्रणेची जबाबदारी कंपनीकडे असते. हौशी चालक मात्र स्वतःच ट्रान्समीटर जोडतो, अँटेना उभारतो व वारंवारता निवडतो. त्याची चूक इतरांच्या संदेशवहनात अडथळा आणू शकते. म्हणूनच येथे यंत्राआधी माणसाची परीक्षा होते.

३. परवान्याची रचना

भारतात १८८५ च्या तार अधिनियमाखाली १९७८ साली हौशी सेवेसाठी स्वतंत्र नियम करण्यात आले. दूरसंचार अधिनियम, २०२३ ने त्या जुन्या कायद्याची जागा घेण्याची तरतूद केली असली, तरी या सेवेची भारतातील घडण १९७८ च्या नियमांनी झाली आहे. परवाना देण्याचे काम दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेकडे सोपविण्यात आले.

आरंभी परवान्याच्या अनेक श्रेणी होत्या. २०१० च्या दुरुस्तीने 'सामान्य' व 'मर्यादित' अशा दोनच श्रेणी ठेवल्या आणि किमान वय १२ वर्षे निश्चित केले. दोन्ही श्रेणींसाठी रेडिओ सिद्धान्त व नियमावली यांवर लेखी परीक्षा ठेवण्यात आली. सामान्य श्रेणीसाठी याखेरीज मिनिटास ८ शब्द या गतीने मोर्स लिपी पाठविण्याची व ग्रहण करण्याची चाचणी होती. मर्यादित श्रेणीस ती नव्हती, मात्र तिची प्रक्षेपणशक्तीची मर्यादाही कमी होती. परीक्षा उत्तीर्ण झाल्याने पात्रता सिद्ध होते. प्रक्षेपणाचा अधिकार सुरक्षाविषयक पडताळणीनंतर मिळणाऱ्या परवान्यानेच प्राप्त होतो. हा भेद अनेकदा दुर्लक्षित राहतो.

४. संकेतनामाचे व्याकरण

संकेतनामाचे तीन घटक असतात. पहिला घटक देशवाचक. आंतरराष्ट्रीय वाटपात भारतास 'एटीए ते एडब्ल्यूझेड', 'व्हीटीए ते व्हीडब्ल्यूझेड' आणि '८टीए ते ८वायझेड' या मालिका मिळालेल्या आहेत. हौशी चालकांसाठी त्यांपैकी मुख्यतः 'व्हीयू' वापरले जाते. दुसरा घटक अंक. '२' हा सर्वसाधारणपणे सामान्य श्रेणीचा, तर '३' हा मर्यादित श्रेणीचा द्योतक आहे. '४' अंदमान-निकोबारसाठी व '७' लक्षद्वीपसाठी आहे. मुख्य भूमीवर हा अंक प्रांत दर्शवीत नाही. पुण्याचा आणि गुवाहाटीचा चालक दोघेही 'व्हीयू २' असू शकतात. तिसरा घटक म्हणजे शेवटची अक्षरे. ती त्या एकाच चालकाची अथवा संस्थेची असतात.

क्षीण आवाजात अक्षरांची गल्लत होऊ नये म्हणून प्रत्येक अक्षरास ठरावीक शब्द योजतात. 'व्हीयू २ आरजी' चा उच्चार 'व्हिक्टर युनिफॉर्म टू रोमियो गोल्फ' असा होतो. प्रक्षेपणाच्या आरंभी व अखेरीस संकेतनाम उच्चारणे बंधनकारक असते. संपर्काची नोंदवहीही ठेवावी लागते.

५. इतिहासातील उलट दाखला

ओळख जाहीर करण्याच्या या बंधनाचे मर्म एका उलट उदाहरणाने स्पष्ट होते. १९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने हौशी चालकांना आपली प्रक्षेपणयंत्रे जमा करावयास लावली. पुढे १९४२ च्या आंदोलनात मुंबईतून गुप्तपणे चालविलेल्या काँग्रेस रेडिओवर उषा मेहता व त्यांचे सहकारी ४२.३४ मीटर ही तरंगलांबी सांगत, पण स्थळ 'हिंदुस्थानात कोठेतरी' एवढेच. जागा बदलत राहणे त्यांना भाग होते. अखेर नोव्हेंबर १९४२ मध्ये त्यांना अटक झाली. परकीय सत्तेविरुद्ध ओळख लपविणे हा त्यांचा धर्म होता. स्वतंत्र देशात परवानाधारकाने ओळख सांगणे हा त्याचा धर्म ठरतो.

६. आपत्ती आणि परवाना

एरवी हौशी चालकास त्रयस्थाचा संदेश पोचविता येत नाही. नैसर्गिक आपत्तीत मात्र नियमांनी सवलत दिली. त्यातही संदेश जिल्हाधिकाऱ्यांसारख्या सक्षम नागरी अधिकाऱ्याकडून आलेला वा त्याच्याकडे जाणारा असावा, अशी अट होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या लातूर भूकंपानंतर हौशी चालकांनी संदेशवहनास हातभार लावला. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली, तेव्हा छंद म्हणून पोर्ट ब्लेअरला गेलेल्या हौशी चालकांचे 'व्हीयू ४' केंद्र मदतकार्याचा दुवा बनले.

पुणे जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर दरड कोसळून दीडशेहून अधिक माणसे दगावली. ती वार्ता प्रथम एस. टी. बसच्या चालकाकडून बाहेर आली. मुळशीच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागाची पावसाळ्यातील स्थिती पाहता हे उदाहरण आपणास परके नाही.

७. महाविद्यालयांचे स्थान

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी घडविलेला सुमारे एक किलो वजनाचा 'स्वयम्' हा उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी ३४ द्वारे अवकाशात गेला. संपर्कासाठी त्याने हौशी सेवेच्याच वारंवारतेचा आधार घेतला. शैक्षणिक संस्थेस स्वतःचे केंद्र व संकेतनाम मिळू शकते. तथापि त्यासाठी परवानाधारक जबाबदार व्यक्ती असावी लागते. उपकरणे अनुदानातून घेता येतील, परंतु परीक्षा कोणास तरी स्वतः द्यावी लागेल. विद्यार्थी तीन वर्षांत निघून जातो. म्हणून ती शिक्षकाने देणे अधिक युक्त होय.

८. निष्कर्ष

परवाना अवकाशाची मालकी देत नाही. सर्वांच्या मालकीच्या लहरी जबाबदारीने वापरण्याची पात्रता तो मान्य करतो. संकेतनाम त्या जबाबदारीस नाव देते. संकट आल्यावर परीक्षा देता येत नाही. डोंगराळ तालुक्यांलगतच्या प्रत्येक महाविद्यालयात किमान एक परवानाधारक प्राध्यापक असावा, अशी शिफारस येथे करावीशी वाटते.