गुण वर्गाचा कीं काळाचा?

सरकारी धंदेशिक्षणाच्या वर्गांतून अमुक हजार बेकार शिकून बाहेर पडले व त्यांपैकीं निम्म्यांना काम मिळालें, असें आपण वर्तमानपत्रांत वाचतों आणि समाधान पावतों. परंतु श्रोतेहो, हे लोक वर्गांत गेलेच नसते, तर त्यांपैकीं कितीजणांना काम मिळालें असतें? त्या आंकड्यांत याचें उत्तर नसतें.

मनुष्य वैद्याकडे जातो तो बहुधा ताप अगदीं चढल्यावर. पुढें ताप उतरतो; त्याचें श्रेय काढ्याला द्यावें कीं देहाच्या स्वभावाला? अमेरिकेंत १९६२ च्या कायद्यानें बेकारांसाठीं असे वर्ग निघाले. १९६४ सालीं त्यांत दाखल झालेल्यांच्या कमाईचा हिशेब ऑर्ली अ‍ॅशनफेल्टर या अर्थशास्त्रज्ञानें १९७८ मध्यें मांडला. वर्गांत येण्याच्या आदल्या वर्षींच त्यांची कमाई घसरलेली आढळली. काम सुटलें म्हणून तर ते आले! अशा घसरणीशीं पुढल्या कमाईची तुलना केली, तर बहुतेक कोणताहि वर्ग यशस्वीच दिसावयाचा.

मग वर्गांत न आलेल्या शेजाऱ्याशीं तुलना करावी काय? तीहि फसवी. जो अर्ज करतो, कचेरीचे खेटे घालतो, त्याच्या अंगीं मुळांतच जिद्द अधिक असूं शकते.

सर्वांत भरंवशाचा उपाय कठोर आहे. तो म्हणजे चिठ्ठ्या टाकणें. १९८७ ते १९८९ या काळांत अमेरिकेंतील १६ ठिकाणीं सुमारें २०,००० अर्जदारांची अशी वांटणी झाली. तिघांतील दोघांना प्रवेश. तिसऱ्याला दीड वर्ष दार बंद. गरजू माणसाला केवळ चिठ्ठीमुळें परत पाठविणें मनाला बोंचतें, आणि तें बोंचावेंच. पण निरुपयोगी वर्गांत कोणाचे महिनेच्या महिने घालविणें, हाहि अन्यायच नव्हे काय?

निकाल असा लागला: प्रौढ स्त्रीपुरुषांची कमाई थोडी वाढली, शाळा सोडलेल्या, १६ ते २१ वर्षांच्या मुलामुलींना मात्र लाभ दिसला नाहीं. १९९५ मध्यें तेथील विधिमंडळानें तरुणांच्या या योजनेचा पैसा मोठ्या प्रमाणांत कापला. माझ्या मतें ही घाई झाली. तो विशिष्ट वर्ग निष्फळ ठरला होता. मुलें शिकण्यास अपात्र ठरलीं नव्हतीं. जॉब कोअर या बहुतांशीं निवासी योजनेची परीक्षा पुढें चिठ्ठ्यांनींच झाली, तेव्हां तरुणांची कमाई आरंभीं वाढलेली आढळली. बहुतेकांच्या बाबतींत ती वाढ कांहीं वर्षांत विरली. प्रवेशाच्या वेळीं विशी गांठलेल्यांच्या बाबतींत ती टिकली.