अडलेल्या गाईस हात लावण्यापूर्वी

पौष पौर्णिमेस मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे जी यात्रा भरते, तिच्यातील गुरांचा बाजार सर्वांच्या परिचयाचा आहे. गाय घेणारा शेतकरी तिचे दात पाहतो, कास चाचपतो, चार पावले चालवून पाहतो. परंतु ती पूर्वी गाभडली होती काय, हे दातांवरून कळत नाही. अशी गाय गोठ्यात आली आणि पाच-सहा महिन्यांची गाभण असता पुन्हा गाभडली, म्हणजे घरचा कर्ता पुरुष बाह्या सरसावून तिच्यापाशी बसतो आणि अडकलेली वार उघड्या हाताने ओढू लागतो. प्रस्तुत लेखकाने हे दृश्य अनेक पाड्यांवर पाहिले आहे.

त्या माणसाच्या मायेविषयी शंका नाही. भीती आहे ती त्याच्या हाताची. भातलावणीच्या दिवसांत हातांना भेगा पडलेल्या असतात, विळ्याचे ओरखडे असतात. सांसर्गिक गर्भपात, म्हणजे ब्रुसेलोसिस, या रोगाचे जंतू गाभडलेल्या वासरात, वारेत व स्रावात विपुल असतात आणि अशा भेगांतून ते माणसाच्या शरीरात शिरतात. पुढे ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो. रात्री घाम सुटतो, कंबर व सांधे धरतात. पुष्कळदा हिवताप समजून भलतेच औषध घेतले जाते. खरा उपचार साधारणतः सहा आठवडे चालतो. हे जंतू डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ साली माल्टा बेटावर, तापाने मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेत शोधले. गाईंच्या गर्भपाताचे जंतू डेन्मार्कच्या बँग यांनी १८९७ साली दाखविले. दोहोंचे नाते उमगण्यास आणखी वीस वर्षे लागली!

यावर उपाय म्हणजे खांद्यापर्यंत येणारे पातळ प्लॅस्टिकचे हातमोजे. कृत्रिम रेतन करणारे कार्यकर्ते हेच वापरतात. वीत असलेल्या गाईस मदत करताना ते घालावेत व मनगटापाशी फाटू नयेत म्हणून वरून रबरी मोजा चढवावा. काम झाल्यावर मोजे उलटे करीत काढावेत, वार व मेलेल्या वासराबरोबर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावेत आणि मग हात साबणाने धुवावेत. मोजे होते म्हणून हात धुतले नाहीत, असे होऊ देऊ नये. अडकलेली वार मात्र मोजे घालूनही स्वतः ओढू नये, पशुवैद्यास बोलवावे. ती कुत्र्यांपुढे टाकण्याची चाल तर अगदी सोडावी.

काही जण म्हणतात, मोजे घातले की गाईला परका हात वाटतो. गाईची तशी तक्रार अद्याप ऐकिवात नाही. २०२२ सालच्या फेब्रुवारीत शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे कोंबड्यांत बर्ड फ्लू निघाला होता. तसल्या रोगात पक्षी नष्ट करणाऱ्यांना अंगभर संरक्षक पोशाख व मोजे सक्तीचे असतात. गोठ्यात सक्ती करणारा कोणी नसतो, एवढाच फरक.

चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना या रोगाची लस एकदाच टोचतात. २०१९ पासून केंद्र सरकारच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती समाविष्ट आहे. लस जिवंत जंतूंची असल्याने टोचणाऱ्यानेही मोजे व चष्मा वापरावा आणि कालवड धरणाऱ्याने सुईपासून दूर राहावे. गोठ्यात गाय गाभडल्यानंतर घरात कोणास ताप आला व तो हटेना, तर डॉक्टरांना आधी त्या गाईची हकीकत सांगावी.