गादीत उतरलेलं सिमेंट

वर्टिब्रोप्लास्टी, म्हणजे दबलेल्या मणक्यात सिमेंट भरण्याची प्रक्रिया, असली की ओटीत आधी वास पसरतो. हाडाच्या सिमेंटची पावडर आणि त्याचा द्रव घोटायला घेतला की मास्कमधूनही नाकात जातो. कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये येतो तोच हा उग्र दर्प, कारण रसायनही तेच : पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट. मी लेड अ‍ॅप्रन घालून सी-आर्म या एक्स-रे यंत्रापाशी उभी असते आणि डॉक्टर सांगतील तसे शॉट देते.

त्या दिवशी टेबलावर पालथ्या झोपलेल्या आजींचा पाठीचा बारावा मणका पाण्याची बादली उचलताना दबला होता. पट्टा, गोळ्या, विश्रांती सगळं होऊनही त्यांना कूस बदलता येत नव्हती. पाठ बधिर केलेली, आजी जाग्या. "आजी, हलू नका हं, झालंच," सिस्टर त्यांच्या कानाशी सांगत होत्या. सुई पेडिकलमधून, म्हणजे मणक्याच्या मागच्या हाडाच्या दांड्यातून, मुख्य भागात पोचली. एक शॉट समोरून, एक बाजूने.

सिमेंट पातळ असताना सोडायचं नसतं. टूथपेस्टइतकं घट्ट होईपर्यंत थांबायचं. त्यानंतर हातात मोजकीच मिनिटं उरतात. मिसळलेल्या बेरियम सल्फेटमुळे ते आमच्या पडद्यावर काळं दिसतं. माझी नजर मणक्याच्या कडांच्या दोन रेघांवर असते. मागच्या रेघेपलीकडे मज्जारज्जू, वरच्या रेघेपलीकडे दोन मणक्यांमधली गादी. मागे काळं सरकलं तर सगळी ओटी श्वास रोखते. वरच्या रेघेची मात्र तेवढी धास्ती कुणी घेत नाही. दबलेल्या मणक्यात ही रेघ, म्हणजे एंडप्लेट, अनेकदा तडकलेली असते आणि सिमेंटला तिथून आयती वाट मिळते. आजींच्या वेळी तसंच झालं. तड्यातून एक बारीक काळा पट्टा वर चढला. डॉक्टरांनी तत्क्षणी हात थांबवला, सिमेंट आणखी घट्ट होऊ दिलं, आणि उरलेलं अगदी थोडं थोडं सोडलं.

संध्याकाळी आजी स्वतःहून उठून बसल्या. अशा वेळी तो पट्टा कुणाच्या लक्षात राहणार? बहुतेक रुग्णांना गादीतल्या सिमेंटचा काही त्रास होत नाही, हेही खरं.

पण गादीचं काम काय, ते पाहिलं की मन स्वस्थ राहत नाही. वरच्या मणक्याचा भार ती मऊपणामुळे सगळीकडे सारखा वाटून देते. तिथे टणक गोळा बसला की भार एका जागी एकवटू शकतो, आणि तोही शेजारच्या मणक्यावर, जो हाडांच्या त्याच ठिसूळपणाने आधीच पोखरलेला असतो. शिवाय गादीत स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. तिचं पोषण मुख्यतः एंडप्लेटमधून पाझरतं. तिथे सिमेंटचा थर बसला तर त्या पाझरण्यातही अडथळा येऊ शकतो.

२००४ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ न्यूरोरेडिओलॉजी'त आलेल्या एका अभ्यासात, ज्या गादीत सिमेंट उतरलं तिच्या शेजारचे ५८ टक्के मणके पुढे मोडले. जिथे उतरलं नव्हतं तिथे १२ टक्के. रुग्ण थोडे होते, आणि नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत हा संबंध इतका ठळक आलेला नाही. ठिसूळ हाडं सिमेंटशिवायही मोडतात, त्यामुळे दोष नेमका कुणाचा हे वेगळं काढणं अवघड आहे. त्यात २००९ च्या दोन चाचण्यांमध्ये या उपचाराचा फायदा नुसत्या दिखाऊ प्रक्रियेपेक्षा जास्त दिसला नाही, तेव्हापासून तो कुणाला द्यावा यावरच वाद आहे. म्हणूनच माझं ठाम मत आहे की गादीत गेलेलं सिमेंट कितीही थोडं असो, रिपोर्टमध्ये त्याची नोंद झालीच पाहिजे आणि घरच्यांना ते सांगितलंच पाहिजे. पुढे पाठ पुन्हा दुखली तर तपासणाऱ्याला कुठल्या मणक्याकडे आधी पाहायचं ते कळतं.

आजींच्या मुलाला डॉक्टरांनी फिल्म दाखवली. "ते काढता नाही येणार?" त्याने विचारलं. घट्ट झालेलं सिमेंट औषधाने विरघळत नाही. त्यासाठी उघडी शस्त्रक्रिया लागते आणि त्रास नसताना ती करण्यात अर्थ नाही, असं त्यांनी समजावलं. डिस्चार्ज कार्डावर लिहिलं : बाराव्या मणक्यावरच्या गादीत सिमेंट, डेक्सा (हाडांच्या घनतेची) तपासणी करून हाडांचं औषध सुरू करणे, वाकून वजन उचलू नये, पाठीत नवी कळ आल्यास लगेच एक्स-रे.