एका डासाचं दिनमान

अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठात विल्यम ब्रॅडशॉ आणि क्रिस्टिना होल्झाप्फेल या पती-पत्नींनी आपलं जवळजवळ सगळं संशोधक आयुष्य एका डासामागे घालवलं. हा डास मलेरिया पसरवत नाही, डेंग्यूही पसरवत नाही. थंड उत्तरेत राहणारा तर कुणाला चावतसुद्धा नाही. आरोग्य खात्याला त्याची काळजी नाही, शेती खात्याला त्याचं देणंघेणं नाही. तरीही हवामान बदलामुळे निसर्गातल्या एखाद्या प्राण्यात जनुकीय बदल झाला, हे ज्या अभ्यासांनी जगाला सगळ्यात आधी दाखवलं, त्यांत या डासाचं नाव अग्रभागी आहे. तो निबंध २००१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला. छापील पानं तीनच, पण त्यांच्या मागे तीन दशकांची मेहनत उभी होती.

डासाचं शास्त्रीय नाव वायोमिया स्मिथाय. त्याची अळी वाढते ती सॅरासेनिया पर्प्युरिया या जांभळट घटपर्णीच्या पानात साचलेल्या पाण्यात. ही वनस्पती दलदलीत, मॉसच्या ओल्या गादीवर वाढते. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड आणि लॅब्राडोर प्रांताचं ते प्रांतिक फूल आहे. मेघालयातल्या घटपर्णीच्या सुरईवर पानाचं झाकण असतं. इथे तसं आडोशाचं झाकण नाही, तोंड आभाळाकडे उघडं असतं आणि पावसाचं पाणी थेट आत पडतं. मुंग्या, माश्या आत घसरतात आणि बुडतात. त्या मेलेल्या किड्यांवर पानाच्या आत एक सबंध वस्ती जगते. तळाशी चिलटासारख्या एका कीटकाच्या अळ्या मढी कुरतडतात. मांसमाशीची अळी पाण्याच्या पृष्ठभागाशी लोंबकळते आणि नुकताच पडलेला किडा गाठते. या दोघींच्या खाण्यातून जो बारीक चुरा सुटतो, त्यावर जीवाणू आणि एकपेशीय जीव माजतात. आपल्या डासाची अळी तेच पाणी तोंडाजवळच्या केसांच्या झुबक्यांनी गाळून पोट भरते. उत्तरेकडच्या हिवाळ्यात पानातलं सगळं पाणी गोठतं आणि अळी त्या बर्फात वसंतापर्यंत पडून राहते.

बर्फात जिवंत राहायचं तर अळीला आधीच तयारी करावी लागते. वाढ थांबवून ती सुप्तावस्थेत जाते. कधी थांबायचं, यावर तिचा जीव अवलंबून असतो. लवकर थांबली तर चांगल्या दिवसांतली एक पिढी हातची जाते आणि साठवलेली चरबी हिवाळा संपायच्या आधी आटते. उशीर केला तर डास होऊन बाहेर पडेपर्यंत थंडी दाराशी आलेली असते. थंडीची चाहूल तापमानावरून घेणं धोक्याचं असतं, कारण ऑगस्टात एखादा आठवडा गारठतो आणि सप्टेंबरात पुन्हा ऊन तापतं. दिवसाची लांबी मात्र फसवत नाही. आपल्या पंचांगात छापलेलं एखाद्या गावचं दिनमान पुढच्या वर्षी त्याच तारखेला तेवढंच भरतं. अळी त्या दिनमानावर भरवसा ठेवते. दिवस ठरावीक लांबीपेक्षा मोठा असेल तोवर ती वाढत राहते, त्याखाली आला की थांबते. अर्ध्या अळ्या वाढतील आणि अर्ध्या थांबतील, अशी जी सीमारेषा असते तिला आपण निर्णायक दिनमान म्हणू. ब्रॅडशॉ-होल्झाप्फेल यांच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं मोजली गेली ती हीच एक गोष्ट.

मोजण्याची पद्धत समजायला सोपी आहे, पण पाळायला चिवटपणा लागतो. ही घटपर्णी ओरेगनची मूळची नाही. त्यामुळे नमुने आणायचे तर खंडाच्या दुसऱ्या टोकाला जावं लागतं. मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यापासून कॅनडापर्यंतच्या दलदलींतून पानांतलं पाणी उपसून अळ्या गोळा करायच्या आणि युजीन या गावी आणायच्या. तिथे त्यांची पुढची पिढी वाढवायची, कारण रानातून आणलेल्या अळीने काय खाल्लं, किती ऊन सोसलं, याचा परिणाम पुसला गेल्याशिवाय वारशाने आलेला गुण उघडा पडत नाही. अळ्यांना खायला गिनीपिगचं दळलेलं खाद्य आणि सुकवलेल्या आर्टेमिया या कोळंबीच्या बारीक भावंडांचा भुगा. पुरेशा अळ्या झाल्या की त्यांना छोट्या बश्यांमध्ये घालून बंद पेट्यांत ठेवायचं. प्रत्येक पेटीतला दिवा वेगवेगळ्या वेळी मालवतो. एका पेटीतला दिवस तेरा तासांचा, दुसरीतला चौदा, तिसरीतला पंधरा. तापमान मात्र सगळीकडे सारखं. मग रोज बश्या बाहेर काढून पाहायचं, कोणत्या अळीचा कोष झाला आणि कोणती तशीच राहिली.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रॅडशॉ यांनी हे मोजायला घेतलं तेव्हा हवामान बदल हा त्यांचा विषय नव्हता. एकच जात एवढ्या लांबच लांब पट्ट्यात कशी जगते, एवढाच प्रश्न त्यांच्यापुढे होता. १९७६ साली ‘नेचर’मध्ये त्याचं उत्तर आलं. जसजसं उत्तरेला जावं तसतसं निर्णायक दिनमान वाढत जातं. उत्तरेत हिवाळा लवकर येतो, उन्हाळ्यातले दिवस अजून लांब असतानाच, म्हणून तिथली अळी लांब दिवसांतच थांबते. दक्षिणेची अळी दिवस चांगले आखडेपर्यंत वाढत राहते. डोंगरावरची अळी त्याच अक्षांशावरच्या सखल भागातल्या अळीपेक्षा उत्तरेच्या अळीसारखी वागते. अक्षांश आणि उंची एवढं सांगितलं, की त्या गावच्या डासाचं निर्णायक दिनमान बरंचसं अचूक सांगता येतं, इतकी ती सांगड पक्की निघाली.

१९७२ साली गोळा केलेल्या अळ्यांचे आकडे वहीत होते. पुढे १९८८, १९९३ आणि १९९६ साली पुन्हा मोजणी झाली. पेट्या त्याच तत्त्वाच्या, अळ्या तशाच वाढवलेल्या. आकडे शेजारी ठेवल्यावर फरक उघड दिसला. उत्तरेच्या ५० अक्षांशावर १९७२ साली निर्णायक दिनमान १५.७९ तास होतं, ते १९९६ साली १५.१९ तासांवर आलं. म्हणजे ३६ मिनिटांचा फरक. त्या अक्षांशावर उन्हाळ्याच्या उत्तरार्धात दिवस ज्या वेगाने आखडतो, त्या हिशेबाने डास आता ९ दिवस उशिरा हिवाळ्याच्या तयारीला लागत होता. हा बदल अवघ्या ५ वर्षांच्या अंतरातही पकडता येत होता. उत्तरेत तो जास्त वेगाने झाला होता, आणि दक्षिणेत कमी.

कारण समजायला अवघड नाही. शरद ऋतू लांबला आणि हिवाळा उशिरा येऊ लागला. ज्या अळ्या वारशानेच थोड्या उशिरा थांबणाऱ्या होत्या, त्यांना खायला-वाढायला जास्त दिवस मिळाले, त्यांची संतती वाढली. लवकर थांबणाऱ्या मागे पडल्या. सगळ्या अळ्या प्रयोगशाळेत एकाच परिस्थितीत वाढवल्या होत्या, म्हणून हा फरक त्या वर्षीच्या हवेचा असणं शक्य नव्हतं. तो पिढीजात होता. शाळेच्या पुस्तकात लाखो वर्षांच्या मापाने शिकलेली उत्क्रांती इथे एका माणसाच्या नोकरीच्या काळात घडली आणि मोजलीही गेली.

या दोघांचा खरा आग्रह मात्र पुढचा आहे. तापमानवाढ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उन्हाने होरपळणारे जीव येतात. त्यांनी २००६ साली ‘सायन्स’मध्ये तोवर नोंदल्या गेलेल्या जनुकीय बदलांचा आढावा घेतला. त्यांत कॅनडातल्या लाल खारी होत्या, पक्षी होते, फळमाश्या होत्या. निष्कर्ष असा, की समशीतोष्ण प्रदेशात आधी बदलतं ते प्राण्याचं वेळापत्रक. कधी जन्म द्यायचा, कधी स्थलांतर करायचं, कधी झोपी जायचं, याचे क्षण सरकतात. जास्त उष्णता सोसण्याची ताकद जनुकांतून वाढल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही. त्यांच्या संगणकावर चालणाऱ्या खोल्यांमध्ये एका ठिकाणचं वर्षभराचं तापमान आणि दुसऱ्या ठिकाणचं दिनमान एकत्र लावता येत असे. उत्तरेच्या डासाला दक्षिणेची ऊब दिली तर तो तग धरतो, पण दक्षिणेचे आखूड दिवसही दिले तर त्याचं सारं गणित कोसळतं. भर हंगामात तो झोपी जातो. सूर्याची चाल तीच राहते, ऋतू मात्र तिच्यापासून सुटून पुढे-मागे होतात. दिनमानावर विसंबलेल्या जिवांची अडचण ही आहे.

अळी दिवसाची लांबी मोजते कशी, यावर या प्रयोगशाळेचे इतरांशी मतभेद झाले. १९३६ साली एर्विन ब्यूनिंग यांनी मांडलेल्या कल्पनेनुसार शरीरातलं चोवीस तासांचं घड्याळच ऋतूही ओळखतं. ते पडताळण्याची एक जुनी रीत म्हणजे कृत्रिम रात्र लांबवत नेऊन प्रतिसाद पाहायचा. ती रीत के. के. नंदा या भारतीय वनस्पतिशास्त्रज्ञाने कार्ल हॅमनर यांच्यासोबत १९५८ साली सोयाबीनवर वापरली आणि आजही ती या दोघांच्या नावाने ओळखली जाते. ओरेगनच्या डासांवर तीच रीत वापरल्यावर ब्रॅडशॉ-होल्झाप्फेल यांचं मत वेगळं झालं. रोजचं घड्याळ आणि ऋतूचं मापक या दोन वेगळ्या यंत्रणा असून त्या स्वतंत्रपणे बदलू शकतात, असं ते मांडत राहिले. त्यावरचा वाद संपलेला नाही.

डास चावतो कसा, हा प्रश्नही याच पाण्यातून वर आला. उत्तरेची मादी रक्त न पिता सगळी अंडी घालते. फ्लोरिडाची मादी पहिली खेप रक्ताशिवाय घालते, पण पुढच्या खेपेसाठी चावते. जात एकच. मग फ्लोरिडाच्या डासांमधून हावऱ्या चावणाऱ्या माद्यांची वेगळी वंशावळ वाढवून तिच्या आणि न चावणाऱ्यांच्या जनुकांची तुलना केली गेली. २०१८ साली आलेल्या या अभ्यासाचा रोख पुढे रोगवाहक डासांच्या चाव्याची मुळं शोधण्याकडे आहे. निरुपद्रवी म्हणून दुर्लक्षिलेला कीटक असा कामाला आला.

ओरेगनच्या या प्रयोगशाळेत शिकलेली मुलंही बाहेर पडली. पीटर आर्म्ब्रस्टर पुढे जॉर्जटाउन विद्यापीठात गेले आणि एडिस अल्बोपिक्टस या डासाकडे वळले. आशियातला हा डास १९८५ साली टेक्सासमधल्या ह्यूस्टनला जुन्या टायरांच्या व्यापारातून आलेला सापडला आणि पूर्व अमेरिकेत पसरला. त्यांच्या गटाने २०१२ साली दाखवलं, की या डासाने अमेरिकेत उत्तर-दक्षिण पसरताना थोड्याच काळात आपलं निर्णायक दिनमान त्या त्या अक्षांशाप्रमाणे बदलून घेतलं. हा डास डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवतो. पद्धत मात्र दलदलीतल्या निरुपद्रवी डासावरच घोटवलेली.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे सगळं दूरचं वाटेल. पुण्यात वर्षातला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान अकरा तासांचा, म्हणजे फरक जेमतेम सव्वादोन तासांचा. तरी आपल्या शिवारातलाही एक मोठा शत्रू हेच माप वापरतो. टेक्सासमध्ये पेरी अ‍ॅडकिसन यांनी १९६० च्या दशकात दाखवलं, की दिवस तेरा तासांच्या खाली उतरले की गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेकडे वळते. त्या ज्ञानावर तिथे पेरणीच्या आणि पऱ्हाट्या काढण्याच्या तारखा बसवल्या गेल्या. अ‍ॅडकिसन यांना १९९७ चा जागतिक अन्न पुरस्कार रे स्मिथ यांच्यासोबत मिळाला. विदर्भ-मराठवाड्यात २०१७ साली बोंडअळीने जे केलं ते कापूस उत्पादक विसरलेला नाही. फरदड घेऊ नका, डिसेंबरअखेर शेत मोकळं करा, हा सल्ला देतो तेव्हा कृषी सहायकही त्या अळीच्या वेळापत्रकाशीच झुंजत असतो.

उष्ण कटिबंधात मात्र दुसराही धोका आहे. ओरेगनच्या शेजारच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले कर्टिस डॉइच, जोशुआ ट्युक्सबरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली मांडलं, की उष्ण प्रदेशातले कीटक आधीच आपल्याला मानवणाऱ्या तापमानाच्या वरच्या टोकाजवळ जगतात. म्हणून थोडी वाढही त्यांना थंड प्रदेशातल्या कीटकांपेक्षा जास्त महागात पडू शकते. म्हणजे आपल्याकडे ऋतूचं घड्याळ आणि उन्हाची झळ, दोन्ही एकदम मोजावी लागतील.

मोजायला पैसा लागतो, पण त्याहून अवघड म्हणजे सातत्य टिकवणं. १९७२ चा आकडा नसता तर १९९६ चा आकडा कशाशीच ताडून पाहता आला नसता. १९७२ साली तो लिहिणाऱ्याला त्याचा पुढे काय उपयोग होणार हे ठाऊक नव्हतं. त्याने तो नीट लिहिला, पद्धत नोंदवली आणि पुढे त्याच पद्धतीला धरून राहिला, म्हणून जगाला पुरावा मिळाला. दोन-तीन वर्षांच्या अनुदानात असं काम बसत नाही. ते कुणाच्या तरी निष्ठेवर उभं राहतं.

राहुरी, परभणी, अकोला आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठं महाराष्ट्रात आहेत. प्रकाश सापळ्यात आणि कामगंध सापळ्यात सापडलेल्या किडींची मोजणी हे कीटकशास्त्राचं रोजचं काम आहे. २००९-१० पासून क्रॉपसॅप योजनेत गावोगावच्या किडींची पाहणीही होते. त्या आकड्यांचा आजचा उपयोग फवारणीचा सल्ला देण्यापुरता आहे. पण हीच पानं आणखी वीस वर्षांनी, बोंडअळीचं किंवा तुडतुड्याचं वेळापत्रक किती सरकलं, ते सांगू शकतील. त्यासाठी रजिस्टरं रद्दीत जाता कामा नयेत आणि मोजण्याची रीत माणसागणिक बदलता कामा नये. कीटकशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थ्याला एक कीड आणि एक पक्की पद्धत द्यावी, आणि त्याच्या मागून येणारा तेच काम पुढे नेईल अशी व्यवस्था उभी करावी. ओरेगनच्या डासाकडून शिकायचं तर आपल्याकडे सुरुवात इथून होते, आणि ती करायला आजचं वर्षही पहिलं वर्ष म्हणून चालतं.